कॉलच्या रात्रीचा हिशेब

माझी बायको डायलिसिस टेक्निशियन आहे. ती ज्या रुग्णालयात जाते तिथला डायलिसिस विभाग ठेकेदार चालवतो आणि ठेकेदार तिला तासावर पैसे देतो. दारातल्या यंत्रावर बोट ठेवलं की तास सुरू होतो, निघताना पुन्हा बोट ठेवलं की थांबतो. तासाला ११० रुपये. दिवसाची पाळी संपवून ती घरी येते, पण महिन्यातल्या दहा रात्री, ९ ते सकाळी ७, ती ‘कॉलवर’ असते. फोन आला की अर्ध्या तासात विभागात हजर व्हायचं.

गेल्या महिन्याचा हिशेब मी वहीत मांडला. दहा रात्रींचे शंभर तास. बोलावणं चार वेळा आलं, त्यातली एक फेरी वाया गेली, आणि पगारपत्रकात रात्रीचे म्हणून ११ तास लागले. राहिले ८९. या ८९ तासांची नोंद ना ठेकेदाराकडे आहे, ना रुग्णालयाकडे. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, “तेव्हा तर मॅडम घरीच होत्या ना.” तो वाईट बोलला नाही, त्याला खरंच तसं वाटतं. या लेखाचं कारण तेवढंच आहे. मालकाच्या हुकमावरून थांबणं हे काम आहे, आणि त्या थांबण्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

घरी म्हणजे कशी, ते सांगतो. कॉलच्या दिवशी ती संध्याकाळी केस धूत नाही, ओले केस घेऊन मध्यरात्री निघता येत नाही म्हणून. झोपतानाही पंजाबी ड्रेस घालूनच झोपते. फोन उशाशी असतो आणि त्याचा आवाज पूर्ण मोठा, कारण एकदा तो सायलेंटवर राहिला आणि दुसऱ्या दिवशी तिला लेखी समज मिळाली. स्कूटरच्या टाकीत पेट्रोल आहे ना, हे मी नऊच्या आत बघून येतो. आमच्या मुलीला सात वर्षं पूर्ण झाली. ती रात्री आईजवळ झोपते, पण कॉलच्या रात्री माझ्या बाजूला सरकते. तिला कुणी सांगितलेलं नाही. आई मध्येच उठून गेली की अंथरुणाची ती बाजू गार पडते, आणि त्याने तिला जाग येते, हे तिचं तिनंच ओळखलं आहे.

आमचं घर डोंबिवलीत, नात्यातली माणसं विरार, पनवेल आणि संगमेश्वरकडे. कॉलच्या रात्री यातलं काहीच जवळ नाही. अर्ध्या तासाचं वर्तुळ काढलं की आमचं सगळं जग पूर्व-पश्चिम डोंबिवली आणि फार तर ठाकुर्ली एवढंच उरतं. माझ्या चुलतभावाच्या हळदीला ती आली नाही. गेल्या वर्षी गणपतीला मी आणि मुलगी गावी गेलो, ती इथे एकटी राहिली. त्या पाच रात्रींत तिला एकही फोन आला नाही. गावाहून मी रोज विचारायचो, “आला का?” ती म्हणायची, “नाही आला.” पाच रात्रींचे पन्नास तास, आणि त्यांची मजुरी शून्य. ठेकेदाराच्या लेखी त्या पाच रात्री ती सुट्टीवर होती. घरच्यांच्या लेखी ती कामावर होती. यातलं खरं कोणतं, हे मी आरतीच्या वेळी तिच्या रिकाम्या जागेकडे बघून सांगू शकतो.

माझी तक्रार रात्रीच्या कामाबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करतो. किडनीचा पेशंट एखादं डायलिसिस चुकवतो, वर लग्नाच्या जेवणात फळं, भाज्या, पाणी जास्त होतं, आणि रात्री पोटॅशियम वाढतं किंवा छातीत पाणी भरून दम लागतो. औषधांनी काही तास मिळतात. तेवढ्यात मशीन लागली नाही तर हृदय थांबू शकतं. टेक्निशियन पोहोचल्यावरही लगेच पेशंट लावता येत नाही. आधी आरओचं, म्हणजे गाळून शुद्ध केलेलं, पाणी चालू करून तपासायचं, क्लोरीन नाही ना ते बघायचं, मशीन तयार करायची, डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारा फिल्टर, आणि नळ्या सलाइनने भरून त्यातली हवा काढायची. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. ते पाणी, ती हवा, रक्ताच्या नळीचा तो जोड, यातली एक चूक माणसाच्या जिवावर बेतते. बायकोला या कामाचा अभिमान आहे, मलाही आहे. पहाटे चारला ती “पेशंट बसून चहा प्यायला” असा मेसेज करते तेव्हा मला झोप आलेली नसते, पण बरं वाटतं.

म्हणूनच ‘फोन बंद ठेवण्याचा हक्क’ या मागणीत मला आमचं उत्तर सापडत नाही. सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून तसा कायदा आहे. कचेरीतून सुटल्यावरही साहेबाच्या ईमेलला उत्तर द्यावं लागणाऱ्यांसाठी तो हक्क हवाच, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण डायलिसिस टेक्निशियनने, लिफ्टच्या मेकॅनिकने, पावसाळ्यात खांबावर चढणाऱ्या कंत्राटी वीज कामगाराने फोन बंद ठेवून भागत नाही. कुणीतरी जागं राहायलाच हवं. प्रश्न आहे तो त्या जागं राहण्याची किंमत कोण मोजतो याचा. आज ती तासावर राबणारा माणूस आणि त्याचं घर मोजतं.

आता त्या वाया गेलेल्या फेरीविषयी. रात्री पाऊण वाजता फोन आला, आम्ही मुलीला शेजारच्या काकूंकडे सोपवलं, स्कूटर काढली. फाटकाजवळ पोहोचलो तोवर दुसरा फोन: “राहू दे, नातेवाईक पेशंटला मुंबईला घेऊन गेले.” परत आलो. काकूंना पुन्हा उठवलं, मुलीला कडेवर घेतलं. यंत्रावर बोट लागलंच नव्हतं, त्यामुळे मजुरी नाही. सकाळी आठची पाळी मात्र नेहमीसारखीच.

ही अशी फेरी मुंबईला नवी नाही. माझे आजोबा गिरणीत बदली कामगार होते. रोज भल्या पहाटे फाटकावर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असेल तर आत घ्यायचे, नसेल तर परत. आजी सांगायची, ज्या दिवशी आजोबा लवकर परत यायचे त्या दिवशी डबा न उघडता तसाच परत यायचा, आणि तोच दुपारी सगळ्यांनी वाटून खायचा. फाटकावरच्या त्या उभं राहण्याला गिरणीमालकाच्या हिशेबात किंमत नव्हती. पण त्याच उभ्या राहणाऱ्या माणसांच्या भरवशावर मालकाचे माग चालू राहायचे, कारण कुणी आजारी पडलं तरी दारात माणूस तयार असायचा. तयार माणूस ही मालकाची गरज होती, पण ती भागवण्याचा खर्च आजोबांच्या घरावर पडायचा.

याच शहराने दुसरी रीतही पाहिली आहे. गिरण्यांपासून थोड्याच अंतरावर, गोदीत. गोदीचं काम तर गिरणीपेक्षाही बेभरवशाचं होतं, जहाज लागलं तर काम, नाही तर नाही. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला, त्याखाली मुंबईत गोदी कामगार मंडळ आणि योजना आली. नोंदणी झालेल्या कामगाराने हजेरीला यायचं. काम मिळालं तर मजुरी, नाही मिळालं तर हजेरी भत्ता. महिन्यात ठरावीक दिवसांची किमान मजुरी हमीची. आणि कामावर बोलावलं पण काम सुरूच होऊ शकलं नाही, तर त्याची वेगळी भरपाई. योजनेच्या कलमात तिचं नावच होतं ‘डिसअपॉइंटमेंट मनी’. हेलपाट्याचे पैसे म्हणा. हे कुणा मालकाच्या दयेने झालं नाही. पी. डिमेलो आणि त्यांच्यासारख्या पुढाऱ्यांमागे गोदी कामगार उभे राहिले म्हणून झालं. सीएसएमटीच्या पूर्वेला गोदीच्या भिंतीलगत जाणाऱ्या रस्त्याला आज डिमेलोंचं नाव आहे. त्या रस्त्यावरून टॅक्सीने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ज्या माणसाने दिवसभरात एक गोणही उचलली नाही त्यालाही हजेरीचे पैसे देण्याची रीत या भिंतीपलीकडे होती?

थांबण्याला मोल देणं ही परदेशातून आणलेली चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मी हे सांगतो. शिवाय १९४८ च्याच किमान वेतन कायद्यात एक कलम होतं: कामगार काम करायला तयार आहे पण मालकानेच त्याला दिवसभराचं काम दिलं नाही, तर मजुरी पूर्ण दिवसाची. ते तत्त्व त्या कायद्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चारही कामगार संहिता लागू झाल्या. जादा कामाला दुप्पट दर हेही त्यांत आहे. म्हणजे ‘मी तयार होतो, काम तुम्ही दिलं नाही’ या वाक्याला आपला कायदा ओळखतो. फक्त तो माणूस कारखान्याच्या दारात उभा असेल तर. स्वतःच्या घरात, उशाशी फोन ठेवून तयार असेल तर ओळखत नाही. दाराची जागा बदलली, कायदा जुन्या दाराशीच उभा आहे.

इतर देशांत हा प्रश्न कोर्टात गेला. १९४४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे शिकागोच्या एका साबण कारखान्यातल्या अग्निशामक कामगारांचं प्रकरण आलं. रात्री ते कारखान्याच्या आवारात असायचे, आग लागली नाही तर झोपायचे, पत्ते खेळायचे. न्यायालयाने म्हटलं की मालक सेवा जशी मोलाने घेऊ शकतो तशी सेवेसाठीची तयारीही मोलाने घेऊ शकतो, आणि ती घेतली असेल तर ते कामाचे तास आहेत. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे बेल्जियममधल्या निव्हेल गावचा एक स्वयंसेवक अग्निशामक उभा राहिला. तो घरीच असायचा, पण आठ मिनिटांत केंद्रावर पोहोचण्याचं बंधन होतं. न्यायालयाने ते घरचे तास कामाचे तास मानले. त्यांचे पैसे किती हे मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं.

याच न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये स्लोव्हेनियातल्या एका डोंगरावरच्या टीव्ही प्रक्षेपण केंद्राच्या तंत्रज्ञाच्या प्रकरणात कसोटी अधिक नेमकी केली, आणि मला ती प्रामाणिक वाटते. कॉलवरचा प्रत्येक तास आपोआप कामाचा होत नाही. किती वेळात पोहोचायचं, किती वेळा बोलावतात, या बंधनांमुळे माणसाला आपला वेळ स्वतःच्या मनाप्रमाणे वापरताच येत नाही अशी स्थिती आहे का, ते पाहायचं. एखाद्याला महिन्यातून एकदा फोनवरून सल्ला द्यावा लागतो, आणि त्यासाठी तो कुठेही असला तरी चालतं, त्याचं थांबणं आणि आमच्या घरातलं थांबणं एक नाही. मी सगळ्यांना एकाच मापाने पैसे द्या म्हणत नाही. दोर जितका आखूड, तितकी किंमत जास्त, इतकंच म्हणतो.

यावर मला ऐकावं लागतं ते पहिलं म्हणजे, “पण ती झोपते ना?” हो, झोपते. कॉलच्या रात्री शेजारी झोपून मी तिला बघितलं आहे. कुणाच्या दुचाकीचा आवाज आला तरी हात फोनकडे जातो. तान्ह्या मुलाची आई जशी झोपते तशी ती झोपते. सकाळी तिला विचारलं तर “झोपले होते” म्हणते आणि पोळी करपवते. आणि हीच बाई आठ वाजता चार-चार पेशंट मशीनवर लावते. रात्रभर जागून आलेल्या टेक्निशियनच्या हाताखाली आपला बाप मशीनवर असावा असं कुणाला वाटेल? रात्री कॉलवर जाऊन आल्यावर सकाळची पाळी न देण्याची मागणी तिच्या सोयीची आहेच, पण तेवढीच ती खुर्चीत झोपलेल्या पेशंटच्या जिवाची आहे.

दुसरं ऐकतो ते डॉक्टरांचं. तेही कॉलवर असतात, मग त्यांचं काय? त्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही, निवासी डॉक्टरांचे हाल तर सगळ्यांना ठाऊक आहेत. पण रात्री येणाऱ्या तज्ज्ञाची व्हिजिट बिलात लागते. रात्रीच्या डायलिसिसला आमच्याकडे बिलात इमर्जन्सीचा जादा आकारही लागतो. बायकोने ती बिलं हातात धरली आहेत. पेशंटच्या घरचे रात्रीच्या तयारीचे पैसे देतात. ते तिच्यापर्यंत येत नाहीत, एवढाच मुद्दा आहे. त्यामुळे ‘परवडणार नाही’ हे तिसरं उत्तर मी सहज मान्य करत नाही. ८९ तासांना तासाच्या दराचा चौथा हिस्सा धरला तर महिन्याला २,४४७ रुपये होतात. एका टेक्निशियनमागे अडीच हजार. लहान रुग्णालयाला तेही जड जात असेल, मान्य. मग दोन-तीन लहान रुग्णालयांनी मिळून एक रात्रपाळी ठेवावी. सरकारी रुग्णालयांतली केंद्रं २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली खासगी भागीदारीत चालतात, तिथे पैसे दर डायलिसिसमागे मोजले जातात. जे मोजलं जातं त्याचे पैसे मिळतात, जे मोजलं जात नाही ते कुणाच्या तरी बायकोच्या झोपेतून वसूल होतं. निविदेतच रात्रीच्या तयारीची एक ओळ घालायला हवी, म्हणजे ठेकेदारांत जो कमी बोली लावेल तो ती टेक्निशियनच्या पोटातून काढून लावणार नाही.

कायद्याचंच बोलायचं तर एक गोष्ट आजही लागू आहे आणि पाळली जात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रुग्णालयं येतात. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामाला लावायचं तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची सोय हवी, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची गाडी हवी. आमच्या बाबतीत ती गाडी म्हणजे माझी स्कूटर आहे. मी गावी असलो की ती रिक्षा शोधत चौकापर्यंत चालत जाते. ज्या टेक्निशियन मुली एकट्या राहतात त्यांना सोडायला कोण जातं? बायकोबरोबर कामाला असलेल्या एकीने याच कारणाने नोकरी सोडली. तिच्या जागी आलेल्या मुलीला तासाला दहा रुपये कमी मिळतात, आणि कॉल तेवढेच आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांमधली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० वर, आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर नेण्याला मंजुरी दिली. त्यावर बरंच लिहिलं गेलं, बाजूने आणि विरोधात. मी जे जे वाचलं त्यात सगळे यंत्रावर लागलेल्या तासांबद्दलच बोलत होते. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा मागणी फक्त विश्रांतीची नव्हती. सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस माणसाचा, त्याच्या समाजाचा असावा, असा त्यामागचा विचार होता. कुणाचा तरी होण्यासाठी दिवस लागतो. आमच्या घरी महिन्यातल्या दहा रात्री, त्यांत दोन तरी रविवार, कुणाचेच नसतात. त्या घराच्या नसतात आणि मजुरीच्याही नसतात.

ठेकेदाराशी करार एप्रिलमध्ये नव्याने होतो. यंदा बायकोने आणि तिच्याबरोबरच्या चौघींनी मिळून एक अर्ज लिहिला आहे. मराठीत लिहिला, म्हणजे सगळ्यांना कळेल. कॉलची यादी महिनाभर आधी, लेखी. कॉलवरच्या प्रत्येक तासाला दराचा चौथा हिस्सा. फोन वाजल्यापासून घरी परत येईपर्यंत पूर्ण दराने तास, आणि बोलावलं की किमान चार तासांचे पैसे, अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं तरी. रात्री कॉल झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी नाही. जायला-यायला गाडी. पहिल्या खर्ड्यात ‘विनंती’ हा शब्द चार वेळा होता, तिने तीन खोडले. सही करताना पाचवी म्हणाली, नोकरी जाईल का हो, तेव्हा बायकोने तिला सांगितलं, तू विचार करून कर. ती दोन दिवसांनी सही घेऊन आली. अर्ज सोमवारी दिला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, बघू. आज पुन्हा कॉल तिचा आहे. मी पेट्रोल भरून आलो आहे.